अँटेना कुठे आणि माइक कोणाच्या हाती : वाहनांतल्या सीबी रेडिओचा आढावा

सिटिझन्स बँड, म्हणजेच सीबी रेडिओ, हा विषय निघाला की अमेरिकेतले जुने ट्रकचालक, रेडिओ-अभियंते आणि रस्ता-सुरक्षेचे अभ्यासक हिरिरीने बोलू लागतात. थोडे ऐकले की कळते, तिघे तीन वेगळ्या प्रश्नांवर बोलत आहेत. हा संच गाडीत बसवायचा कसा, हा पहिला प्रश्न. गाडी चालवताना तो वापरणे कितपत सुरक्षित, हा दुसरा. आणि प्रत्येकाच्या खिशात मोबाइल असताना तो बसवायचा कशाला, हा तिसरा. पहिल्या प्रश्नाची उत्तरे बरीचशी पक्की झाली आहेत. दुसऱ्याची अर्धवट आहेत. तिसऱ्याचे उत्तर देशागणिक बदलते.

यंत्र साधे आहे. २७ मेगाहर्ट्झच्या आसपास चालणारा, ४ वॉट शक्तीचा संच. बटण दाबून बोलायचे, सोडून ऐकायचे. नंबर लावावा लागत नाही, टॉवर लागत नाही, महिन्याचे बिल येत नाही. पल्ल्यात जो कोणी त्या चॅनलवर असेल त्याला आपले बोलणे ऐकू जाते. मग तो पुढच्या अपघाताची वर्दी हवी असलेला चालक असो, पोलीस असो, की कंटाळा घालवायला शिवीगाळ करत बसलेला कोणी टवाळ. हे सर्वांना ऐकू जाणे हीच सीबीची खरी ताकद आणि हेच त्याचे दुखणे. पुढच्या बहुतेक वादांची मुळे इथेच सापडतात.

पार्श्वभूमी

सामान्य नागरिकाला परीक्षा न देता वापरता यावी अशी रेडिओ सेवा अमेरिकेच्या फेडरल कम्युनिकेशन्स कमिशनने (पुढे नुसते ‘आयोग’) १९४५ मध्ये सुरू केली. पण तिला दिलेला पट्टा होता ४६० ते ४७० मेगाहर्ट्झचा. त्या काळच्या व्हॉल्व्हच्या तंत्रात इतक्या वरच्या वारंवारतेवर स्वस्त आणि दणकट संच बनवणे अवघड होते. सेवा कागदावर राहिली म्हटले तरी चालेल. १९५८ मध्ये आयोगाने हौशी रेडिओवाल्यांकडून, म्हणजे ‘हॅम’ मंडळींकडून, ११ मीटरचा पट्टा काढून घेतला आणि तिथे २३ चॅनलांचा ‘क्लास डी’ सिटिझन्स बँड उभा केला. हॅम मंडळींनी हे कधी पूर्ण माफ केले नाही. सीबीवाल्यांकडे बघताना त्यांच्या नाकाला जी मुरड पडते, तिची सुरुवात इथली आहे.

पहिली पंधरा वर्षे हा शेतकरी, प्लंबर, छोटे कंत्राटदार आणि टॅक्सीवाले यांचा रेडिओ होता. परवाना लागे, फी भरावी लागे, बोलताना दिलेले सांकेतिक नाव सांगावे लागे. १९६२ मध्ये ‘रिअ‍ॅक्ट’ ही स्वयंसेवकांची संघटना सुरू झाली. रस्त्यात अडकलेल्यांच्या हाका ऐकून मदत पोहोचवणे हे तिचे काम. पुढे चॅनल ९ आणीबाणीसाठी राखून ठेवला गेला.

चित्र पालटले ते १९७३ च्या तेलटंचाईने. डिझेल मिळेना, मिळाले तर महाग. त्यातच जानेवारी १९७४ मध्ये अध्यक्ष निक्सन यांनी ताशी ५५ मैलांच्या राष्ट्रीय वेगमर्यादेवर सही केली. मैलावर मोबदला मिळणाऱ्या ट्रकचालकाचा वेग कमी झाला की त्याची मजुरीच कमी होते. कुठल्या पंपावर डिझेल आहे आणि कुठल्या वळणामागे पोलीस उभा आहे, ही दोन्ही माहिती सीबीवर फिरू लागली. १९७३–७४ च्या हिवाळ्यात चालकांनी महामार्ग अडवून निदर्शने केली, त्यांची जुळवाजुळवही बरीचशी याच रेडिओवर झाली. सरकारी यंत्रणेने नागरिकांना दिलेली सेवा सरकारचाच नियम चुकवायला वापरली गेली. सीबीच्या प्रतिमेवरचा बंडखोरीचा रंग तेव्हाचा आहे.

मग लाट आली. परवान्याची फी १९७५ मध्ये २० डॉलरवरून ४ डॉलरवर आली. त्याच वर्षी आलेले सी. डब्ल्यू. मॅकॉल यांचे ‘कॉन्व्हॉय’ हे गाणे १९७६ च्या जानेवारीत लोकप्रियतेच्या यादीत अव्वल ठरले. १९७७ मध्ये ‘स्मोकी अँड द बँडिट’ हा चित्रपट आला, पुढच्या वर्षी सॅम पेकिनपाचा ‘कॉन्व्हॉय’. अध्यक्ष फोर्ड यांच्या पत्नी बेटी ‘फर्स्ट मामा’ या टोपणनावाने सीबीवर बोलत. परवान्यांच्या अर्जांखाली आयोग अक्षरशः गाडला गेला. १ जानेवारी १९७७ पासून चॅनल ४० झाले, २६.९६५ ते २७.४०५ मेगाहर्ट्झ, आणि दुकानांत पडून राहिलेले २३ चॅनलांचे संच मातीमोल भावाने विकले गेले. १९८३ मध्ये आयोगाने वैयक्तिक परवान्याची अटच काढून टाकली. पाळली न जाणारी अट ठेवून काय करायचे, असा तो व्यवहारी निर्णय होता.

अमेरिकेबाहेर प्रत्येक देशाने आपापला रस्ता धरला. पश्चिम जर्मनीने १९७५ मध्ये थोड्या चॅनलांवर आणि अगदी कमी शक्तीत परवानगी दिली. ब्रिटनमध्ये लोक बेकायदा अमेरिकी संच वापरत राहिले. अखेर २ नोव्हेंबर १९८१ रोजी तिथे सीबी कायदेशीर झाला, पण मुद्दाम वेगळ्या वारंवारतांवर आणि फक्त एफएमवर. एएम आणि एसएसबीला (सिंगल साइडबँड) तिथे परवानगी मिळायला २०१४ उजाडले. ऑस्ट्रेलियाने १९७७ मध्ये २७ मेगाहर्ट्झबरोबरच ४७७ मेगाहर्ट्झचा यूएचएफ सीबीही सुरू केला. तो निर्णय किती दूरदृष्टीचा होता ते पुढे दिसेल.

बसवण्याचे शास्त्र

नवखा माणूस संच निवडण्यात आठवडे घालवतो आणि अँटेना मिळेल ती घेतो. हे उलटे व्हायला हवे. कायद्याने एएमवर सगळ्यांचीच शक्ती ४ वॉट आहे. स्वस्त आणि महाग संचांत फरक असतो तो ऐकण्याच्या गुणवत्तेचा, खरखर गाळण्याचा आणि बटणांच्या सोयीचा. आवाज किती दूर जाणार हे ठरते अँटेनाच्या लांबीवर आणि जागेवर.

२७ मेगाहर्ट्झची तरंगलांबी साधारण ११ मीटर. तिच्या पाव भागाइतकी अँटेना म्हणजे पावणेतीन मीटरच्या आसपास. अमेरिकेत प्रसिद्ध असलेली १०२ इंचांची पोलादी काठी हीच. तिच्याइतकी चांगली गाडीवरची अँटेना नाही, याबाबत कोणाचेही दुमत नाही. दुमत आहे ते एवढी उंच काठी घेऊन पेट्रोल पंपाच्या छताखाली, पार्किंगमध्ये आणि झाडांखालून जायचे कसे, यावर. म्हणून बाजारातल्या बहुतेक अँटेना आखूड असतात आणि उरलेली लांबी तारेच्या वेटोळ्यातून भरून काढतात. वेटोळे तळाशी, मध्यावर की टोकाशी, यावर वर्षानुवर्षे खल चालला आहे. वेटोळे जितके वर तितका जास्त प्रवाह वाहणारा भाग मोकळा राहतो, म्हणून मध्यावर किंवा वर वेटोळे असलेली अँटेना थोडी सरस, असे तांत्रिक मत आहे. तळाशी वेटोळे असलेली मात्र वाऱ्यात कमी डोलते आणि टिकते. अर्धा मीटर लांबीच्या चुंबकी अँटेनाला ‘चालते’ म्हणावे, ‘चांगली’ म्हणू नये.

जागेचा प्रश्न याहून महत्त्वाचा. पाव तरंगाची काठी ही अर्धीच अँटेना असते, उरलेली अर्धी म्हणजे गाडीचा पत्रा. टपाच्या मधोमध काठी लावली की चारही बाजूंना पत्रा सारखा मिळतो आणि आवाज सगळीकडे सारखा जातो. मागच्या बंपरवर लावली तर गाडीच्या अंगाच्या दिशेने, म्हणजे पुढे, जास्त जातो. पण काठीचा खालचा भाग गाडीच्या आडोशाला येतो आणि जुळणी बिघडते. फायबरग्लासच्या केबिनला हा पत्राच नसतो. तिथे पत्र्यावाचून चालणाऱ्या खास अँटेना लागतात. चुंबकी तळ वापरणाऱ्यांना आणखी एक अडचण आली आहे. २०१५ च्या मॉडेलपासून अमेरिकेतला सर्वाधिक खपाचा फोर्ड एफ-१५० हा पिकअप अ‍ॅल्युमिनियमच्या अंगाचा झाला, आणि अ‍ॅल्युमिनियमला चुंबक चिकटत नाही. काचेच्या टपांची भर त्यात पडली आहे. टपाला भोक पाडून पक्की बैठक करणे हा अजूनही उत्तम उपाय, पण आत पडदा-एअरबॅग आणि वायरी कुठून जातात हे पाहिल्याशिवाय ड्रिल हातात घेऊ नये.

अमेरिकी ट्रकांच्या दोन्ही आरशांवर दिसणाऱ्या जोड-अँटेना हा एक जुना वादविषय आहे. त्यांचा फायदा मिळायला दोघींमध्ये पाव तरंगाचे, म्हणजे नऊएक फुटांचे, अंतर असावे लागते. मोठ्या ट्रकला ते जेमतेम मिळते. तिथे पुढे-मागे थोडा जोर येतो आणि मागच्या उंच ट्रेलरमुळे पडणारी सावली कमी होते. मोटारीवर दोन अँटेना ही निव्वळ शोभा आहे. तशीच केबल बरोबर १८ फूट हवी ही समजूत. बसवणी नीट असेल तर केबलच्या लांबीने फरक पडत नाही. बसवणी सदोष असेल तर ठरावीक लांबीची केबल मीटरवर दोष झाकून दाखवते, एवढेच.

मीटर म्हणजे एसडब्ल्यूआर मीटर. संचाने पाठवलेली शक्ती अँटेनात किती शिरली आणि किती परतली, हे तो दाखवतो. गाडी मोकळ्या जागी उभी करायची, दारे लावायची, आणि चॅनल १, १९ व ४० वर मोजायचे. चॅनल १ वर आकडा जास्त आला तर अँटेना आखूड आहे, ४० वर जास्त आला तर लांब. दोन्ही टोकांना सारखा येईपर्यंत काठी कमी-जास्त करायची. आकडा दीडच्या खाली आला तर उत्तम, दोनपर्यंत चालून जाते, तीनच्या वर गेला तर बोलूच नये. संचाचा शेवटचा ट्रान्झिस्टर जळू शकतो. इथवर एकमत आहे. मतभेद आहे तो या आकड्याला किती डोक्यावर घ्यावे यावर. दोनला शक्तीचा सुमारे नववा भाग परततो, दीडला पंचविसावा. कानाला हा फरक कळतही नाही. शिवाय चांगला आकडा म्हणजे चांगली अँटेना असे नाही. तपासणीसाठी वापरतात त्या नकली भाराचा एसडब्ल्यूआर अगदी आदर्श असतो आणि तो प्रक्षेपण जवळजवळ शून्य करतो. आकडा एक करण्यासाठी दिवस घालवणाऱ्याने तो वेळ अँटेनाची बैठक घासून पत्र्याशी पक्का संपर्क करण्यात घालवला तर पल्ला खरोखर वाढेल.

वीजजोडणीचा भाग थोडक्यात. संच सुमारे दोन अँपिअर ओढतो. सिगारेट लायटरच्या सॉकेटमधून तो चालतो, पण इंजिनाची शीळ आणि सैल संपर्काचा त्रास येतो. म्हणून लाल वायर फ्यूजसह थेट बॅटरीच्या धन टोकाला, हा नियम. काळी वायर मात्र पूर्वी ऋण टोकाला लावत, ती सवय आता बदलावी लागते आहे. नव्या गाड्यांत ऋण टोकावर विजेचा हिशेब ठेवणारा सेन्सर असतो. त्याला वळसा घालून जोडलेली वायर त्याचा हिशेब चुकवते. अशा गाडीत बॉडी अर्थ घेणे बरे. अमेरिकी ट्रक १२ व्होल्टवर चालतात, युरोपातले आणि आपल्याकडचे मोठे ट्रक २४ वर. ही गोष्ट विसरून बाहेरून आणलेला संच थेट जोडणाऱ्याला त्याची किंमत लगेच कळते.

पल्ल्याबाबत जाहिराती काहीही सांगोत. दोन गाड्यांमध्ये सपाट माळावर दहाएक किलोमीटर मिळाले तर समाधान मानावे. शहरात, डोंगरात त्याच्या निम्म्यानेही मिळत नाहीत. याला कंटाळून लोक बेकायदा अ‍ॅम्प्लिफायर लावतात. समोरच्याच्या संचावरच्या सिग्नल-मीटरवर एक पायरी चढायला शक्ती चौपट लागते, म्हणजे ४ ची १६ वॉट. तीच पायरी चांगल्या अँटेनाने कमी खर्चात मिळते, आणि तिने ऐकण्याचाही फायदा होतो. अ‍ॅम्प्लिफायरने नुसते ओरडता येते.

एएम की एफएम

सीबीचा घात करते ती खरखर. एएम लहरींत इंजिनाच्या ठिणग्या, पंप, चार्जर यांचा सगळा गोंगाट मिसळतो. त्यात विद्युत वाहनांची भर पडली. त्यांच्या इन्व्हर्टरचा गोंगाट साध्या एएम रेडिओ-प्रसारणालाही सोसवेना, म्हणून काही कंपन्यांनी नव्या गाड्यांतून एएम रेडिओच काढला. तो सक्तीचा करावा की नाही याची चर्चा अमेरिकी काँग्रेसपर्यंत गेली आहे. विद्युत ट्रकात २७ मेगाहर्ट्झवर नक्की किती ऐकू येईल, हे गाडीच्या प्रत्येक मॉडेलला वेगळे निघणार.

२०२१ मध्ये आयोगाने सीबीवर एफएमला मान्यता दिली. युरोपात हे कित्येक वर्षे आहेच. एफएमचे पाठीराखे म्हणतात, जवळच्या अंतरात आवाज स्वच्छ येतो, खरखर जवळजवळ जाते. एएमचा कैवार घेणाऱ्यांचा मुद्दाही वजनदार आहे. एकाच वेळी दोघे बोलले तर एफएमवर जो जोरदार तोच ऐकू येतो, दुसरा होता हेही कळत नाही. एएमवर किंचाळीसारखा आवाज येतो, पण दुसरे कोणी बोलू पाहते आहे एवढे तरी समजते. आणीबाणीची हाक असेल तर हा फरक छोटा नाही. शिवाय एफएमवरचा माणूस एएमवरच्याला नीट ऐकू जात नाही, आणि अमेरिकेतल्या ट्रकचालकांचा चॅनल १९ आजही एएमवर आहे. लोक ज्या पद्धतीवर आधीच जमलेले आहेत ती सोडून स्वच्छ पण रिकाम्या पद्धतीवर कोण जाणार, हा पेच सुटलेला नाही.

आकाशाचाही यात हात आहे. सूर्यावरचे डाग वाढले की २७ मेगाहर्ट्झच्या लहरी आयनांबरावरून परतून हजारो किलोमीटरवर उतरतात. हौशी लोकांना ही पर्वणी, ट्रकचालकाला कटकट. दोन मैलांवरचा मित्र ऐकू येत नाही आणि दुसऱ्या टोकाच्या राज्यातला अनोळखी माणूस कानात बोलतो. दूरच्या स्थानकाशी बोलण्यावरची मर्यादा आयोगाने २०१७ मध्ये उठवली. म्हणजे हौशींच्या बाजूने कौल गेला.

चालवताना बोलावे का

सुरक्षेच्या प्रश्नाचे दोन अभ्यास-प्रवाह आहेत आणि ते वेगळ्या दिशांना बोट दाखवतात.

युटा विद्यापीठातले डेव्हिड स्ट्रेयर आणि सहकारी २००१ पासून दाखवत आले आहेत की फोन हातात असो वा हातमोकळा, संभाषणानेच चालकाचे लक्ष रस्त्यावरून उडते. त्यांच्या गटाच्या २००८ च्या अभ्यासात शेजारी बसलेल्या माणसाशी बोलणे फोनपेक्षा कमी घातक ठरले, कारण शेजाऱ्याला रस्ता दिसतो, अवघड वळण आले की तो गप्प बसतो. या दृष्टीने पाहिले तर सीबी कुठे बसतो? पलीकडचा माणूस आपल्या गाडीत नाही, पण बहुधा त्याच रस्त्यावर आहे आणि बोलतोही त्याच रस्त्याबद्दल. बोलणे तुटक, काही सेकंदांचे. उत्तर दिले नाही तर कोणी रागावत नाही.

दुसरा प्रवाह प्रत्यक्ष रस्त्यावरच्या नोंदींचा. व्हर्जिनिया टेक परिवहन संस्थेच्या २००९ च्या अहवालात २०३ व्यावसायिक चालकांच्या गाड्यांत कॅमेरे लावून सुमारे ३० लाख मैलांच्या नोंदी तपासल्या होत्या. मेसेज टाइप करणाऱ्यांची अपघात वा अपघातसदृश प्रसंगात सापडण्याची शक्यता साधारण २३ पट निघाली, नंबर लावणाऱ्यांची सुमारे सहा पट. सीबीवर बोलणाऱ्या-ऐकणाऱ्यांची मात्र नेहमीपेक्षा कमी, साधारण ०.६ पट. सीबीवाल्यांनी हा आकडा झेंड्यासारखा मिरवला. त्यावर आक्षेपही रास्त आहेत. बोलायचे केव्हा हे चालक स्वतः ठरवतो, बहुधा रस्ता मोकळा असताना. तेव्हा कमी धोका रेडिओमुळे की मोकळ्या रस्त्यामुळे, हे वेगळे काढता येत नाही. रात्रीच्या एकसुरी प्रवासात बोलणे चालकाला जागे ठेवते असाही अंदाज आहे, पण तो सिद्ध झालेला नाही. आणि हे सगळे सराईत ट्रकचालक होते. सुट्टीला निघालेल्या, पहिल्यांदाच माइक हातात घेतलेल्या कुटुंबवत्सल चालकाला हा निष्कर्ष लागू करणे मला धाडसाचे वाटते.

कायद्यांतही एकवाक्यता नाही. जानेवारी २०१२ पासून अमेरिकेत व्यावसायिक चालकांना हातात मोबाइल धरून बोलायला बंदी झाली, पण त्या नियमाच्या व्याख्येतून सीबी स्पष्टपणे वगळला. कॅनडातल्या ओंटारियो प्रांताने २००९ मध्ये हातातल्या उपकरणांवर बंदी आणताना द्विमार्गी रेडिओला मुदतीची सूट दिली आणि ती मुदत पुन्हा पुन्हा वाढवली. जर्मनीने २०१७ मध्ये नियम कडक करताना रेडिओ संचांनाही त्यात ओढले; फक्त त्यांच्यापुरती अंमलबजावणी १ जुलै २०२० पर्यंत लांबवली, आणि नंतर काही राज्यांनी आणखी सवलत दिली. एकच माइक, एकच हात; एका देशात ते कामाचे साधन, दुसऱ्यात गुन्ह्याच्या उंबरठ्यावरचे. तडजोड म्हणून स्टिअरिंगवर किंवा गिअरपाशी बोलण्याचे बटण आणि छताजवळ माइक अशी मांडणी काही संचांत आली आहे. ती सर्वत्र का होत नाही, याचे एक साधे कारण म्हणजे गाडीच्या आतला आवाज. तोंडाशी धरलेला माइक इंजिनाचा आवाज मागे टाकतो, दूरचा माइक तोही प्रसारित करतो.

आजची जागा

पोलंडचे उदाहरण बोलके आहे. अमेरिकेतली लाट ओसरल्यावरही तिथल्या साध्या मोटारचालकांत सीबी जोरात होता, चॅनल १९ वर कोंडी आणि पोलिसांची खबर फिरे. मग यानोसिकसारखी अ‍ॅप आली आणि तीच खबर नकाशावर दिसू लागली. अमेरिकेत वेझने तेच केले. ज्या माहितीसाठी सीबी रस्त्यावर आला होता तीच कमी श्रमात मिळू लागली, आणि चॅनल १९ वर उरला तो बहुतेक वेळा सन्नाटा किंवा शिवीगाळ. अनेक महिला चालक आणि वंशाने अल्पसंख्य असलेले चालक या चॅनलवर काय ऐकावे लागते हे सांगत आले आहेत. सीबीच्या ऱ्हासाची चर्चा तंत्रज्ञानापाशी थांबते, ती या वागण्यापर्यंतही जायला हवी.

तरीही काही कामे अ‍ॅपला जमत नाहीत. अतिरुंद माल नेणाऱ्या ट्रकपुढची मार्गदर्शक गाडी, गोदामाच्या आवारात ट्रकांना जागा दाखवणे, हिमवादळात मोबाइल टॉवर बंद पडलेला पट्टा, पुढच्या वळणावर आत्ता, या क्षणी उलटलेला ट्रेलर. इथे नंबर माहीत नसलेल्या माणसाला हाक मारायची असते. अ‍ॅपमधली सूचना काही मिनिटांनी येते. रेडिओवरची येते ती घटना बघणाऱ्याच्या तोंडून.

मग तेच काम दुसऱ्या रेडिओने का करू नये? अमेरिकेत आडवाटेला जाणाऱ्या जीपवाल्यांचे बरेच गट ४६२–४६७ मेगाहर्ट्झच्या जीएमआरएसकडे वळले आहेत. तिथे परवाना लागतो, पण परीक्षा नाही. ३५ डॉलरमध्ये दहा वर्षे आणि सगळे कुटुंब त्यात. अँटेना हातभर, आवाज स्वच्छ, शक्ती ५० वॉटपर्यंत. ऑस्ट्रेलियाने मात्र हा प्रश्न मुळातच सोडवला होता. तिथल्या ४७७ मेगाहर्ट्झच्या यूएचएफ सीबीवर ८० चॅनल आहेत. ट्रकवाले ४० वर, कॅरव्हॅनवाले १८ वर, ५ आणि ३५ आणीबाणीसाठी. शेकडो किलोमीटर टॉवर नसलेल्या आउटबॅकमध्ये आजही हाच रेडिओ गाडीतली गरजेची वस्तू मानला जातो. सीबी मेला असे म्हणणाऱ्यांनी ऑस्ट्रेलियाकडे पाहावे. आणि २७ मेगाहर्ट्झ अमर आहे म्हणणाऱ्यांनीही. टिकली ती सर्वांना मोकळी असलेली हाक. ती कुठल्या वारंवारतेवर टिकली, हा मुद्दा दुय्यम होता.

आपल्याकडे

भारतात २००५ च्या नियमांनी २६.९५७ ते २७.२८३ मेगाहर्ट्झचा पट्टा, कमाल ५ वॉट परिणामी प्रक्षेपित शक्तीच्या मर्यादेत, परवानामुक्त केला. ही मर्यादा नीट वाचायला हवी. अमेरिकी ४० चॅनलांपैकी चॅनल २७ ची वारंवारता २७.२७५ मेगाहर्ट्झ आहे आणि २८ ची २७.२८५. म्हणजे परदेशातून आणलेल्या ४० चॅनलांच्या संचातले पहिले २७ चॅनल आपल्या पट्ट्यात बसतात, उरलेले १३ नाहीत. संचाला दूरसंचार विभागाच्या वायरलेस प्लॅनिंग अँड कोऑर्डिनेशन शाखेची मान्यता लागते, ती गोष्ट वेगळीच.

पण कायदा असूनही आपल्या महामार्गांवर सीबीची संस्कृती रुजली नाही. आपल्या ट्रकवाल्यांची भाषा हॉर्न, डिपर आणि खिडकीतून बाहेर काढलेल्या हाताची राहिली, आणि पुढे थेट मोबाइल आला. मुंबई-पुण्याहून लडाख-स्पितीला जाणारे गाड्यांचे ताफे वॉकी-टॉकी वापरतात. त्यांच्यासाठी ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झचा कमी शक्तीचा परवानामुक्त पट्टा आहे. दुकानांत आणि ऑनलाइन मिळणारे बरेच स्वस्त संच मात्र याबाहेरच्या, परवाना लागणाऱ्या वारंवारतांवरही बोलतात. वारंवारतेची माहिती न देता असे संच विकण्यावर केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२५ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या. जास्त पल्ला हवा असणाऱ्यांना हॅम परवान्याचा रस्ता खुला आहे, पण त्यासाठी परीक्षा आहे आणि ताफ्यातल्या प्रत्येक बोलणाऱ्याकडे तो हवा.

माइक हातात धरण्याबाबत आपला कायदा अमेरिकेहून कडक आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ मधल्या २०१९ च्या दुरुस्तीनुसार गाडी चालवताना हातातल्या संपर्क-उपकरणाचा वापर धोकादायक चालवण्यात मोडतो. २०२० च्या नियमांनी त्यातून फक्त मार्ग पाहण्याची सूट दिली. सीबीला वेगळी सूट नाही. तेव्हा ज्यांना ताफ्यात रेडिओ हवा आहे त्यांनी ४४६ मेगाहर्ट्झचा मान्यताप्राप्त संच घ्यावा, घेण्यापूर्वी त्यावरची वारंवारता वाचावी, आणि माइक चालकाच्या हाती न देता शेजारी बसणाऱ्याकडे द्यावा.